काचेबाहेरची आई

सिस्टरने ठकीचा हात आईच्या हातातून हलकेच सोडवून घेतला.

"तुम्ही जरा बाहेर थांबा, ताई. तुम्हाला बघितलं की तिला रडू फुटतं. रडली की धाप लागते, आणि मशीन परत वाढवावं लागतं."

कालही तेच झालं होतं. ऑपरेशनमध्ये फुप्फुसाचा एक भाग काढल्यापासून ठकीचा श्वास मशीन घेत होतं, आणि आता त्याचा जोर हळूहळू कमी करून घशातली नळी काढायची होती. काल जोर कमी केला आणि आई जवळ गेली मात्र, ठकीचे डोळे भरले, छाती भराभर वरखाली झाली, मशीन कोकलायला लागलं. सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून आज आई काचेबाहेर होती आणि आत सिस्टर ठकीच्या तळहातावर बोटाने ठेका धरत होती. ठकी तिच्याकडे टक लावून बघत, ठेक्याबरोबर संथ श्वास घेत होती. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षं खस्ता आपण खाल्ल्या, आणि ही आली आयत्या बिळावर नागोबा. नळी निघू दे, असं ती मनात घोकत होती. पण या बाईमुळे निघू नये, असंही वाटत होतं. तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

नळी निघाली. सिस्टरने ठकीची पाठ चोळली, कानात काही सांगितलं. ठकीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि गप्प पडून राहिली. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. सिस्टर दार उघडून बाहेर आली.

"चला, ताई."

"मी आले की रडेल ती."

"आता रडायलाच हवं. खोकायला हवं, नाहीतर छातीत कफ साचेल आणि नळी परत घालावी लागेल. माझ्यापुढे नुसती मान डोलावते."

आई आत गेली. ठकीने तिला पाहिलं, खालचा ओठ थरथरला आणि घोगरं, फाटकं भोकाड पसरलं. मग खोकला. मग पुन्हा भोकाड.

"रडू दे," डॉक्टर हसून म्हणाले.

आईने तिच्या गालाला गाल लावला. थोड्या वेळाने मान वर केली तर सिस्टर काचेबाहेर उभी होती. तिचं बोट काचेवर तोच ठेका धरत होतं.

'बघ, कोण उभंय' असं ठकीला सांगावं, हे आईच्या मनात आलं. पण ती थोडी सरकून, ठकी आणि काच यांच्या मधे बसली.