क्लाराच्या शेजारची जागा

बफेलो शहरात जन्म गेलेल्या माणसाला बर्फ उपसायचा कंटाळा येतोच, तसा वॉल्टलाही आला होता. पण खरा वीट आला होता तो न्यूयॉर्क राज्याच्या करांचा. पंपांचा कारखाना विकला त्या दिवसापासून त्याच्या तोंडी फ्लोरिडाशिवाय दुसरं काही नव्हतं. तिथे राज्याचा आयकर नाही. समुद्रकाठचं शहर, चौदाव्या मजल्यावर घर, खाली उतरलं की बाजार, दवाखाना, ग्रंथालय.

"उद्या नजर गेली तरी अडायचं नाही आपलं, इरेना," तो बायकोला म्हणायचा. "इथे ब्रेड आणायलाही गाडी काढावी लागते."

इरेनाला ते पटत होतं. त्यांच्या जुन्या पोलिश वस्तीत सगळं पायीच असायचं. चर्च, खाटीक, नाचाचा हॉल, आणि ती बेकरी. तिथल्या आलुबुखाराचा मुरंबा भरलेल्या डोनटांचा वास रविवारी थेट प्रार्थनेत शिरायचा, आणि पाद्रीबाबा मग आटोपतं घ्यायचे. पोलादाचा कारखाना बंद पडला, माणसं पांगली, बेकरीच्या जागी आता गवत होतं. पुन्हा पायी हिंडायला मिळणार असेल तर तिची ना नव्हती.

करसल्लागार हॅस्केलने मात्र वेगळंच काढलं.

"उन्हाळ्यासाठी इथे छोटं घर ठेवणार आहात ना? मग राज्य तपासणी लावू शकतं. ते विचारतात, तुमचा जीव कुठे आहे? कुत्रा कुठे, लग्नाचे फोटो कुठे, डॉक्टर कुठला. जीव इथेच राहिलाय असं दिसलं तर कर इथलाच. दफनाच्या जागा घेतल्यात?"

"दोन," वॉल्ट म्हणाला. "इथेच."

"त्याही तिकडे घेतलेल्या बऱ्या. तेवढ्याने काही ठरत नाही, पण दिसायला बरं दिसतं."

"त्या दोन जागांच्या मधे आमची मुलगी आहे, क्लारा," इरेना म्हणाली. "नऊ वर्षांची होती."

हॅस्केलने पेन खाली ठेवलं. "माफ करा, बाई." आणि त्याने वॉल्टकडे पाहिलं.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "कुत्रा ने, फोटो ने, मला ने. त्या जागांना हात लावायचा नाही."

"बरं बाई," वॉल्ट म्हणाला.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती दरवर्षीसारखी काचेतला दिवा घेऊन दफनभूमीत गेली. वॉल्ट म्हणाला, गुडघा दुखतोय, मी गाडीतच बसतो. क्लाराच्या डाव्या अंगाला ताजी माती होती. वर फुलं, आणि घडीच्या खुर्चीवर लोकरी टोपी घातलेली एक म्हातारी.

"तुमची का हो ही लेक?" म्हातारीने सरकून जागा दिली. "या, या. आमच्या ह्यांना बरी सोबत मिळाली. पोरंबाळं फार आवडायची. आम्हाला वाटलं होतं कुठेतरी कुंपणाशी मिळेल, पण नशीब! ऑफिसवाले म्हणाले, कुणीतरी फ्लोरिडाला चाललंय, त्यांनी दोन्ही परत दिल्यात."

"दोन्ही?"

"हो ना. त्या बाजूची माझी. म्हणजे पोरगी मधे, आम्ही दोघं दोन्हीकडे."

इरेनाने दिवा लावला. वाऱ्याने दोनदा विझला, तेव्हा म्हातारीनेच आडोसा धरला.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "दोन्ही जागा तू परत दिल्यास?"

"तुला सांगणारच होतो," वॉल्ट म्हणाला. "तिकडे घेतल्यात आपल्याला. शवपेटी ठेवायचे भिंतीतले कप्पे. समोर समुद्र. अगं, मेल्यावर काय कळतंय कुणाला?"

"मग तुला का समुद्र लागतो?"

त्याने गाडी सुरू केली.

"बंद कर," ती म्हणाली आणि उतरून ऑफिसकडे चालू लागली. तोही लंगडत मागे आला.

तिथल्या बाईने नकाशा दोनदा पाहिला. त्या रांगेत जागा उरली नव्हती. "मुलीच्याच थडग्यात राख ठेवता येते," ती हळूच म्हणाली. "पण एकाच माणसाची."

प्रेत जाळण्याचं कुणी नाव काढलं असतं तरी इरेनाच्या आईने कपाळावर क्रूसाची खूण केली असती. इरेनाही पोरवयापासून आगीला भ्यायची. स्वयंपाकघरात काडी वॉल्टच ओढायचा; क्लाराचा दिवा तेवढा ती स्वतः लावायची.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली.

वॉल्ट दारात टोपी हातात घेऊन उभा होता. "आणि मी?"

"तुला समुद्र आहे ना," इरेना म्हणाली, आणि नावाची अक्षरं नीट सांगू लागली.