भांडणाची चटई

अहो, आज आमच्या बालवर्गात भांडण झालं, आणि मी आनंदाने वेडी व्हायची तेवढी बाकी आहे!

हसू नका. आमच्याकडे भांडायला खास चटई आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग पाळी उलटी. तोडगा त्यांनीच काढायचा. बाईंनी, म्हणजे मी, तोंडाला कुलूप लावायचं. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच!

पण वर्गातली एक गरीब पोर, जिला मी मनीमाऊ म्हणते, त्या चटईवर कधी आलीच नाही. कोणी हातातलं ओढलं की ही मुकाट्याने सोडून देणार आणि कोपऱ्यात जाऊन बसणार. सगळे म्हणायचे, किती शहाणी, कशी सगळ्यांना देते! देते कसली, डोंबलाचं! तिच्या आईला तर घोर लागलेला. "बाई, पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत हिचं कसं व्हायचं हो?"

आज रोपांना पाणी घालायचं होतं. झारी एकच. मनीमाऊने ती भरून आणली आणि आमच्या पैलवानाने, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराने, खस्सकन ओढली. म्हटलं, झालं, आता सोडणार. पण सोडेना! निम्मं पाणी दोघांच्या अंगावर. आणि मग काय सांगू, तिने शेजारीच गुंडाळून ठेवलेली भांडणाची चटई पायानेच उलगडली, झारी धरूनच तिच्यावर बसली आणि म्हणाली, "बस."

पैलवान बसला! सुरुवातही त्यानेच केली. "मला पाहिजे. आत्ता पाहिजे."

मग तिची पाळी. ओठ थरथरायला लागले, डोळे भरले, झारीवरची पकड सैल झाली. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली. बोल गं बये, बोल! पण मी मध्ये पडले असते, तर ती पुन्हा कोपऱ्यातच गेली असती. मी तोंडावर हात दाबून धरला.

"माझ्या रोपाला अजून घातलं नाही," ती रडत रडतच ओरडली. "घालते. मग तुला."

"लगेच?"

"लगेच."

त्याने हात सोडला! पैलवानाने! तिचं होईपर्यंत एका पायावर नाचत राहिला, पण झारीला बोट लावलं नाही. मग तिने आपणहून त्याच्या हातात दिली.

शाळा सुटल्यावर ती दारातूनच ओरडली, "आई, मी भांडले!"

आईचा चेहरा उतरला. "अगं बाई! रडलीस का?"

"रडले. पण रडत रडत बोलले."

आई तिच्यासमोर खालीच बसली. "आणि त्याने ऐकलं?"

"ऐकणार नाही तर काय! माझी पाळी होती."