पाच वाजताचा मका

ऑक्टोबर उजाडला की माझा फोन तापायला लागतो. वर्षभर ज्यांना आमचा मेसन परगणा नकाशावर सापडणार नाही, ते ह्यूस्टनचे नि डॅलसचे शिकारी एकदम घायकुतीला येतात. "एल्रॉय, फीडर मका फेकत नाही. एल्रॉय, शनिवारी शिकारीचा मोसम उघडतोय, मी सासऱ्याला घेऊन येतोय, काहीतरी कर." फीडरमध्ये न समजण्यासारखं काही नाही. तीन पायांवर उभं केलेलं पिंप, पिंपात मका, बुडाशी मोटर नि फिरती चकती, आणि चकतीला दिवसातून दोनदा उठवणारं घड्याळ. सकाळी सातला सहा सेकंद, संध्याकाळी पाचला सहा सेकंद. त्या खडखडाटाची हरणांना सवय होते आणि ती वेळेवर हजर होतात. हरणांना कळतं, शिकाऱ्यांना कळत नाही. मचाणावर बसून हरीण दिसलं नाही की दोष फीडरचा. नाचता येईना, अंगण वाकडं. एकाने मला ऐंशी मैल पळवलं, आणि पिंप उघडून बघतो तर मक्याचा दाणा नाही.

मी आधी बॅटरी तपासतो, मग मोटर, मग वायरी, आणि सगळ्यात शेवटी घड्याळाची डबी. वायरी उंदीर कुरतडतात. डबीत गांधीलमाश्या मातीची घरं बांधतात. रकून, ती मांजराएवढी जनावरं, तर अशी लबाड की चकती हाताने फिरवून मका पाडतात. तीस वर्षं हेच करतोय आणि चांगलं करतो. माझ्याबद्दल चांगलं म्हणण्यासारखं तेवढंच आहे.

कारण बाकीचं फारसं सांगण्यासारखं नाही. बायको डोरिस गेली त्याला नऊ वर्षं झाली. गेली म्हणजे वारली नाही, लबक गावाला बहिणीकडे गेली ती परत आली नाही. जानेवारीत मोसम संपला की शिकारी आपापल्या गावी जातात आणि माझा फोन मुका होतो. मग दिवसचे दिवस मी कुणाशी बोललेलो नसतो. एकदा टपालवाल्या बाईला "ठीक आहे" म्हणायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना. तीन दिवस वापरलाच नव्हता.

अशात नेल्डाबाईंचा फोन आला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नेल्डाबाई म्हणजे आर्लिसची बायको; तोंडावर मी त्यांना मिस नेल्डा म्हणायचो, आमच्याकडे थोरामोठ्या बायकांना तसंच म्हणतात. आर्लिस वारल्यावर ओढ्यापलीकडच्या दगडी घरात एकट्या राहायच्या. वय त्र्याहत्तर, पण हात स्थिर. दर साल एक हरणी स्वतः मारायच्या, तिचे सॉसेज करायच्या आणि अर्धे चर्चच्या जेवणाला द्यायच्या. एरवी बंदूक कपाटात. रोज पाच वाजता मागच्या ओसरीत दुर्बीण घेऊन बसायचं, फीडर खडखडला की हरणं मोजायची, एवढाच त्यांचा दिवसाचा कार्यक्रम.

त्या वेळी खरोखरच वायर उंदराने खाल्ली होती. अर्ध्या तासाचं काम. आवरून निघालो तर त्यांनी हाक मारली, "कुठे पळतोयस? घरी कोण वाट बघतंय तुझी?"

"कुत्रा," मी म्हटलं.

"मग तो थांबेल. बस."

पीचचं गरम पुडिंग, कॉफी, आणि मग डोमिनोच्या सोंगट्या. आमच्याकडे सोंगट्यांचा खरा खेळ बेचाळीस, पण त्याला चार माणसं लागतात आणि आम्ही मोजून दोन. तेव्हा साधाच खेळलो. त्यांनी मला तीन डाव हरवलं नि वर ऐकवलं, "आर्लिस मेल्यापासून इतका वाईट खेळणारा भेटला नव्हता." मी इतका हसलो की माझं मलाच नवल वाटलं. निघताना त्यांना घड्याळ लावायला शिकवलं. त्या बटणं दाबत होत्या, मी बघत होतो. पण पिंप भरल्यावर मी एकदा तपासायला गेलो नि माझ्याच हातून संध्याकाळच्या पाचाचे पहाटेचे पाच झाले. हे घड्याळ बारा तासांचं. सकाळ की संध्याकाळ ते दाखवायला कोपऱ्यात एक बारीक अक्षर असतं, चष्मा नसला तर दिसत नाही. आमच्या धंद्यात प्रत्येकाकडून ही चूक एकदा होतेच.

दोन दिवसांनी फोन. "पाच वाजून गेले, मका नाही."

जाऊन डबी उघडली, अक्षर पाहिलं, आणि कान गरम झाले. तीस वर्षांचा कारागीर मी. खरं सांगायचं सोडून म्हणालो, "मिस नेल्डा, तुम्ही पहाटेचे पाच लावलेत. वय झालं बरं आता."

"गप रे," त्या हसल्या. "हरणांनी न्याहारी केली म्हणायची. बस, कॉफी टाकते."

पुन्हा पुडिंग, पुन्हा डोमिनो, या वेळी चार डाव. मी घरी परतलो तेव्हा बरं वाटत होतं. किती बरं, ते सांगायचीही लाज वाटते.

त्यानंतर जे केलं ते चुकून नाही. दहा-बारा दिवसांनी पिंपात मका भरायचं काम असायचंच. निघताना "पिंपावर नजर टाकून जातो" म्हणायचं, डबी उघडायची, बटण एकदा दाबायचं. एक-दोन दिवसांत, त्या घड्याळाच्या वाटेला गेल्या नसल्या तरी, त्यांचा फोन यायचा. मी धुतलेला शर्ट घालून जायचो. दर वेळी तेच म्हणायचो, तुम्हीच चुकलात, मिस नेल्डा. असं पाच वेळा केलं.

दुसऱ्या वेळी त्या हसल्या. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "मला तर शपथेवर वाटत होतं की मी हात लावला नाही." चौथ्या वेळी नुसत्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, पकडलं यांनी. पण संशय त्यांना स्वतःचाच येत होता. डोमिनोतली पाळी कुणाची हेही त्या दिवशी दोनदा विचारलं. मी ते ऐकलं आणि सोंगटी लावली. मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल, आणि मी पुडिंग खात राहिलो.

मोसम उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सकाळीच फोन आला. "एल्रॉय, येऊन फीडर उतरव. घेऊन जा. कुणाला हवा असेल त्याला दे."

गेलो तर अंगणात त्यांच्या मुलीची गाडी. शेरिल सॅन अँटोनियोला असते, शाळेत शिकवते. ओसरीत खोकी, खोक्यांवर तिच्या अक्षरात लिहिलेलं: कपबशा, चादरी, बाबांचं.

"आई माझ्याकडे येतेय," शेरिल म्हणाली. "म्हणजे जवळच. म्हाताऱ्यांसाठी चांगली जागा आहे, स्वतंत्र खोली, खाली परिचारिका."

"कशाला?" मी विचारलं. प्रश्न मूर्खासारखाच होता.

नेल्डाबाई खुर्चीत बसून सोंगट्या डब्यात भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. चुलीवर भांडं ठेवायची नि म्हणायची, मी नाही ठेवलं. शपथ घ्यायची. शेवटी शेवटी मला बाई म्हणून हाक मारायची, बाई, माझी मुलगी कधी येणार?"

"डॉक्टर म्हणाला सगळं ठीक आहे," शेरिल म्हणाली. "चित्रं काढायला लावली, महिने उलटे म्हणायला लावले. सगळं बरोबर केलं आईने."

"डॉक्टरला काय कळतंय! त्याच्यासमोर अर्धा तास कुणीही शहाणं राहील. पाच वेळा, शेरिल. सहा वेळा. एक बटण. मला आठवतसुद्धा नाही हात लावल्याचं. उद्या बंदुकीचं विसरले तर? गॅसचं विसरले तर?" मग माझ्याकडे वळून, जरा हसून, "तोंड असं काय केलंयस? रविवारी येत जा तिकडे. सोंगट्या घेऊन चाललेय. तिथे दोघं मिळाले तर बेचाळीससुद्धा होईल."

मी "बरं" म्हणालो आणि फीडरकडे गेलो.

डबी उघडली. पहाटेचे पाच. गेल्या बुधवारी मीच लावलेले. तिथे पिंपाच्या सावलीत मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. गप्प बसलो तर दर रविवारी पुडिंग नसेल, पण खेळ असेल, चेष्टा असेल, कुणीतरी वाट बघेल. दोन तासांचा रस्ता, मला कुठे दुसरं काम होतं? आणि त्या? तिथल्या खोलीत बसून रोज स्वतःला तपासत राहणार, आज काय विसरले, उद्या काय विसरेन. धडधाकट बाई. आणि मी समोर बसून सोंगट्या लावणार. हा विचार आला तेव्हा मला माझीच किळस आली. पाना खाली ठेवला नि परत ओसरीवर आलो.

"मिस नेल्डा, बटण तुम्ही दाबलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मी दाबत होतो. पहिल्यांदा चुकून. तेव्हा लाज वाटली म्हणून तुमच्यावर ढकललं. नंतरच्या पाच वेळा मुद्दाम. तुम्ही बोलवावं म्हणून." एवढं बोलून थांबायला हवं होतं, पण आता तोंड थांबेना. "तुमचं डोकं शाबूत आहे. तुम्ही काही विसरला नाहीत. वय झालं म्हणालो तेही खोटं."

शेरिलच्या हातातली चादर खाली पडली. तिने मला जे शब्द ऐकवले ते शाळेत नक्कीच शिकवत नसेल. त्यांतला एकही जास्तीचा नव्हता.

नेल्डाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. "सगळ्या वेळा?"

"सगळ्या."

"गॅलपचा वाढदिवस विसरले होते ते?" गॅलप त्यांचा नातू.

"त्याचं मला माहीत नाही. ते तुमचं."

त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा असेल. मग त्या रडायला लागल्या, तोंड न झाकता, मोठ्याने, एखादं पोर हरवून सापडल्यावर रडतं तसं. शेरिल त्यांच्याजवळ बसली. मी उभा होतो. जा म्हणाल्या नव्हत्या आणि बस म्हणायचा तर प्रश्नच नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. "दोन महिने मी रोज सकाळी आरशासमोर माझं नाव, पत्ता, आर्लिस गेल्याची तारीख म्हणत होते, एल्रॉय. दोन महिने. तुला एकटं वाटत होतं तर तसं म्हणायचं होतंस. मी काय दार लावून बसले होते?"

मी खाली पडलेली चादर उचलून खोक्यावर ठेवली.

"शेरिल, खोकी उघड," त्या म्हणाल्या. "कपबशा आधी." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू तो फीडर नीट कर. असा कर की मला पुन्हा कुणाला बोलवावं लागणार नाही."

त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. बाकीचे सगळे फोन वाजू दिले. नवी बॅटरी घातली, वर सूर्यावर चालणारी पट्टी बसवली. गाडीतली कोरी मोटर काढून लावली. वायरी लोखंडी नळीतून घेतल्या, उंदराचे दात मोडतील अशा. चकतीभोवती रकूनसाठी जाळी, रानडुकरांनी धडका देऊ नयेत म्हणून पायांभोवती खांब, डबीच्या प्रत्येक फटीला रबर. जुनं घड्याळ काढून चोवीस तासांचं बसवलं, त्यात संध्याकाळचे पाच म्हणजे सतरा, सकाळ-संध्याकाळची भानगडच नाही. शेरिलने पाण्याचा पेला कुंपणावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

पाच वाजता मी फाटक लावत होतो. मागे मका खडखडला, पिंपाच्या पत्र्यासारखा कोरडा, सहा सेकंद, बरोबर. ओसरीत त्या दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. मी हात वर केला. त्या हरणं मोजत होत्या.

याला दोन मोसम झाले. त्यांचा फोन आला नाही. चर्चमध्ये दिसतात, मान हलवतात, पुढे जातात. मी शर्ट धुतो तो सवयीने.

पण माझं काम मात्र वाढलंय. गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला, ब्रेडी गावाजवळ नवी जमीन घेतलेला. म्हणाला, "नेल्डाबाईंनी तुमचं नाव दिलं. म्हणाल्या, या परगण्यात त्याच्याइतकं पक्कं काम कुणी करत नाही. एकदा हात लावला की पुन्हा बोलवावं लागत नाही."

मी म्हटलं, हो, खरं आहे, आणि पत्ता लिहून घेतला.