हे आधी केलंय का?

मी लहान मुलांची सर्जन. आमच्या विभागाच्या मोठ्या सरांनी मला परदेशात पाठवलं ते शिकायला नव्हे, बघून यायला. शब्द त्यांचाच. "तू जा, ते ऑपरेशन नीट बघून ये आणि मला सांग. करायचं मी बघतो." शेजारणीला भाजीत काय घातलंय ते विचारून ये, इतक्या सहज म्हणाले. तुम्हीच का जात नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, या वयात कोणाच्या हाताखाली उभा राहू मी? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील हा आमच्या हॉस्पिटलातला सगळ्यात जुना आजार आहे आणि त्यावर अजून कोणी औषध काढलेलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे निरोप आणायला चाललीस." मी त्याच्याशी संध्याकाळभर बोलले नाही. खरं बोलला म्हणून जास्त राग आला.

ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं तिला वॉर्डात सगळे ठकी म्हणायचे. तीन वर्षांची. जन्मापासून तिची अन्ननलिका सलग नव्हती. वरचं टोक गळ्यापाशी संपलेलं, खालचं पोटापाशी, मध्ये काहीच नाही. दूध पोटातल्या नळीतून जायचं आणि तोंडातली लाळ मानेला केलेल्या भोकातून बाहेर यायची. मी या हॉस्पिटलात येण्यापूर्वी मोठ्या सरांनी ती टोकं ओढून जोडली होती. टाके फाटले, पोर मरता मरता वाचली. आता आणखी एकदाच प्रयत्न करता येणार होता. पुन्हा फाटलं असतं तर जोडायला काही उरलंच नसतं.

तिची आई बसवर कंडक्टर होती. ड्यूटी संपली की गणवेशातच धावत यायची. ठकी कोणाच्याही हातातलं बिस्किट ओढून घ्यायची, मन लावून चावायची, गिळायची आणि ते सगळं मानेतून टॉवेलवर यायचं. मग ती टॉवेलकडे बघत बसायची. "सांडलं वाटतं आमच्या बाईंचं," असं म्हणून आई टॉवेल बदलायची. मी निघण्याआधी तिने मला जिन्यात गाठलं. "मॅडम, शिकून आलात की तुम्हीच करणार ना?"

"बघू," मी म्हणाले. विमानात बसेपर्यंत मी त्या 'बघू'ला शिव्या घालत होते.

तिकडचं हॉस्पिटल बघून आधी माझं डोकंच फिरलं. खिडक्या मुलांच्या उंचीच्या, म्हणजे खाली उभं राहून बाहेरचा रस्ता दिसावा अशा. प्रत्येक खाटेशेजारी आईला आडवं व्हायला पलंग. आमच्याकडे ठकीची आई दोन खुर्च्या समोरासमोर लावून झोपते. पैसा लागतो, मला कळतं. पण खिडकी चार विती खाली घ्यायला आणि खुर्च्यांच्या जागी एक बाक टाकायला काय सोनं लागतं?

तिथल्या मुख्य सर्जन निवृत्तीला आलेल्या, आणि इतक्या बुटक्या की स्टुलावर उभ्या राहून ऑपरेशन करायच्या. मी मनातल्या मनात त्यांना आजीबाई म्हणायला लागले. आजीबाईंनी मला हसून कोपऱ्यात उभं केलं. तिथून मला त्यांची पाठ आणि बाकीच्यांची डोकी दिसायची. रोज तेच. शेवटी एका दुपारी हात धुवायच्या नळापाशी मी त्यांना अडवलं आणि सरळ म्हणाले, "तुमची पाठ बघायला मी एवढी लांब आलेली नाही. माझ्या वॉर्डात एक मुलगी वाट बघतेय."

मला वाटलं, आता विमानाचं तिकीट हातात देतील. पण त्या म्हणाल्या, "उद्या हात धुऊन ये. फक्त आईसमोर बोलावं लागेल."

ती त्यांची पद्धत मी रोज बघत होते आणि मला ती शुद्ध नाटक वाटत होती. भूल देण्याआधी, मूल आईच्या मांडीवर जागं असताना, त्या ऑपरेशनला हात लावणारा प्रत्येक माणूस आईसमोर येऊन दोन गोष्टी सांगायचा. मी काय करणार, आणि हे मी आधी केलंय की नाही. एक कोवळा डॉक्टर म्हणायचा, "वरची कातडी मी शिवणार. पहिल्यांदाच. या शेजारी उभ्या असतील." आणि आई चक्क मान डोलवायची! आमच्याकडे असं कोणी बोललं तर आई मूल घेऊन फाटकाबाहेर पळेल, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. "मी पाहुणी. दोरे धरणार. पहिल्यांदाच." बाळाच्या आईने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं."

आजीबाई टोकं एकदम ओढून जोडत नसत. दोन्ही टोकांना दोरे घालून ते पाठीतून बाहेर काढायचे आणि रोज थोडे थोडे ताणायचे. त्या ताणाने नळी हळूहळू वाढते, टोकं जवळ आली की मग जोडायची. सगळी मेख दोरा किती खोल घालायचा आणि किती ओढायचा यात. आजीबाईंनी माझं बोट दोऱ्यावर ठेवलं, वर स्वतःचं बोट ठेवलं. "ओढ. अजून. अजून. बस." तो 'बस' बोटाला कळतो, डोळ्यांना दिसत नाही. बघून येण्यासारखं त्यात काही नव्हतंच. शेवटच्या बाळाचे सगळे दोरे त्यांनी मला घालायला लावले आणि स्वतः माझ्या कोपराला कोपर लावून उभ्या राहिल्या.

परत आले तर मोठे सर म्हणाले, "हं, सांग." मी चित्र काढून सांगितलं.

"एवढंच ना?"

"सर, हे सांगून कळत नाही. मी करते, तुम्ही शेजारी उभे राहा."

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नये गं," ते हसून म्हणाले. "ट्रस्टचे अध्यक्ष येणारेत. फोटोग्राफर सांगितलाय."

तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा जीव घ्यायला निघालेले हे हात पुन्हा त्याच पोरीत घालायचे, आणि का, तर फोटो छापून यावा म्हणून! त्यात संतापाची गोष्ट अशी, की हात खरोखर चांगले होते. आमच्या इमारतीत तेवढा स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. पण स्थिर हाताला माहिती लागते आणि माहिती घ्यायला मान वाकवावी लागते.

मी एवढंच म्हणाले, "सर, ते लोक भूल देण्याआधी आईसमोर आपापलं काम सांगतात. आपणही करू या का?"

"वा! अवश्य. फोटो चांगला येईल." सरांना तो समारंभ वाटला. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी ठकी आईच्या मांडीवर, खांद्यावर टॉवेल. दाराशी अध्यक्ष आणि फोटोग्राफर. भूल देणारे डॉक्टर पुढे आले. "मी हिला झोपवणार. हे आधी केलंय." नर्स म्हणाली, "मी हत्यारं देणार. या ऑपरेशनला पहिल्यांदाच." मग मी. "मी मदत करणार. हे दोरे मी तिकडे घातलेत, शिकवणाऱ्या बाई शेजारी होत्या. एकटीने अजून नाही."

आईने सरांकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी? मी मुख्य ऑपरेशन करणार," सर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले.

"हे आधी केलंय का?"

"ताई, तुमच्या वयाइतकी वर्षं मी ऑपरेशनं—"

"हे," ती म्हणाली. भरल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आवाज होता तो. "हे केलंय का?"

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. "या पद्धतीने नाही," सर म्हणाले.

"आणि मागच्या वेळी? तेव्हा तरी केलं होतं का आधी?"

सर टोपी सारखी करायला लागले. भूल देणारे डॉक्टर जमिनीकडे बघत होते. मला वाटलं होतं, या क्षणी मला आनंद होईल. पण राग आणखीच वाढला. तीन वर्षं ही बाई खुर्च्यांवर झोपत होती आणि हा साधा प्रश्न विचारायची संधीच आम्ही तिला दिली नव्हती.

तिने ठकीला उचललं आणि माझ्या हातात दिलं. "तुम्ही करा. हे आत नकोत."

हो म्हणावंसं मला किती वाटलं! शब्द जिभेवर आला होता. पण मी टाका घालत असताना दुसरं टोक कोणीतरी धरायला हवं होतं, आणि ते जरा जरी हललं असतं तर सगळंच फाटलं असतं.

"ताई, मला यांचे हात लागतील. धरायला."

ती सरांकडे बघत राहिली. अध्यक्ष काहीतरी बोलायला पुढे झाले, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"धरू देत. कापायचं नाही," ती म्हणाली. "आणि सगळ्यांनी सांगितलं, तसं त्यांनीही तोंडाने सांगायचं."

सरांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते निघून जातील असं मला वाटलं, आणि गेले तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. ठकीने माझ्या टोपीची नाडी तोंडात घातली होती.

"मी दोरे धरणार," सर म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "यांच्या हाताखाली. पहिल्यांदाच."

आईने त्यांच्या हातांकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.