इस्त्री केलेलं घर

लेक वर्षभराच्या शिक्षणासाठी परगावी निघाली, तेव्हा तिने आईला एकच काम सांगितलं. रोज घराचा एक फोटो पाठवायचा. "असेल तसा पाठव, आई. मुद्दाम काही करू नकोस."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. आई म्हणजे लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून केस पिकवलेली बाई. समोरच्याची मुडपलेली कॉलर दिसली की तिचे हात शिवशिवायचे. एकदा तर तिने बसमध्ये एका अनोळखी गृहस्थाची कॉलर सरळ करून दिली होती. अशा बाईला 'असेल तसं' कसं जमावं? पहिल्याच दिवशी तिने ओटा घासला, पडदे धुतले, नवऱ्याला दाढी करायला लावली आणि मग फोटो काढला.

नवरा बस चालवायचा. दिवसभर गर्दीत हॉर्न वाजवून घरी यावं आणि बनियनवर पाय पसरून बसावं, एवढीच त्याची सुखाची कल्पना. त्या सुखावरही आता गंडांतर आलं.

"अहो, शर्ट घाला. फोटो काढायचाय."

"अगं, पोरीने मला जन्मापासून बनियनवरच पाहिलंय."

"म्हणूनच म्हणतेय."

मग तो बिचारा शर्ट घालून, हातात पुस्तक धरून खुर्चीत बसायचा. पुस्तक वर्षभर तेच होतं आणि त्यातलं एक पानही त्याने वाचलं नाही.

फोटो मात्र देखणे यायचे. चादरीवर सुरकुती नाही, टेबलावर कपाचा डाग नाही. लेक सुरुवातीला प्रत्येक फोटोवर भरभरून लिहायची. हळूहळू तिचं उत्तर नुसत्या अंगठ्यावर आलं. अभ्यास वाढला असेल, असं आई धरून चालली.

वर्ष सरत आलं तसा लेकीचा फोन आला. तिथेच नोकरी मिळतेय, घ्यावी म्हणते. "तुमचं छान चाललंय माझ्यावाचून. मी होते तेव्हा घर कधी इतकं नीट नव्हतं. बाबा तर वाचायलासुद्धा लागले."

पोरीला काळजी नको म्हणून सगळा खटाटोप केला आणि पोरीने त्याचा अर्थ काढला, की आपलं इथे काही अडत नाही. करायला गेली एक आणि झालं भलतंच. "विचार करून ठरव," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळली.

"शर्ट काढा. आज पसारा दाखवायचाय."

नवऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आईने कपाटातून भांडी काढून ओट्यावर ठेवली, उशा खाली टाकल्या, चमचे टेबलभर पसरले. फोटो गेला. लगेच उत्तर आलं, 'आई, पसारासुद्धा ओळीत मांडलायस. चमचे उंचीप्रमाणे लावलेत.'

नवरा पोट धरून हसला. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही तुझा."

आईला हसू आलं नाही. तिला रडू येत होतं. ती तशीच उठली आणि लेकीच्या खोलीत गेली. ही खोली वर्षभरात एकाही फोटोत आली नव्हती. खुर्चीवर लेकीने निघायच्या सकाळी घाईत फेकलेले कपडे होते. एक बाही उलटी झालेला शर्ट, चुरगळलेली पँट, एकटाच मोजा, वाळून कडक झालेला टॉवेल. त्यावर धूळ बसली होती. आईने ती पुसली नाही. फोटो काढला आणि पाठवून दिला.

फोन वाजला.

"आई, हे अजून तिथेच?"

"हो."

"तू इस्त्री नाही केलीस?"

"नाही."

"का गं?"

काहीतरी सारवासारव करायला आईने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते खरंच. "घडी करून कपाटात ठेवलं असतं, तर तू गेलीस असं झालं असतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस त्याला," लेक म्हणाली. "मी येऊन उचलते."

"आणि नोकरी?"

"नोकऱ्या तिकडेही असतात."

"मग लवकर ये बाई," आई म्हणाली. "वर्षभर त्या खोलीचं दार लोटून ठेवावं लागतंय मला."