साहेबांची शिवणखोली

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी साहेब बायकोच्या शिवणखोलीत शिरले, कमरेवर हात ठेवून चौफेर बघितलं आणि म्हणाले की इथे पद्धत म्हणून काही नाही. काकू तेव्हा एका कोटाची काजं करत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. 'साहेब' हे नाव त्यांनीच नवऱ्याला दिलेलं होतं, आणि ते काही कौतुकानं दिलेलं नव्हतं. चौतीस वर्षं हा माणूस कचेरीच्या तळघरात फायलींवर नंबर टाकत बसला आणि घरी आल्यावर स्वतःचे मोजे कुठे आहेत ते बायकोला विचारत राहिला. आता तो आपल्याला पद्धत शिकवणार, याचं काकूंना धड हसूही येईना.

खोली बघणाऱ्याला अडगळीची वाटायची, हे मात्र नाकारण्यात अर्थ नव्हता. मशीनच्या डावीकडे अस्तराच्या तुकड्यांचा ढीग, उजवीकडे बिस्किटांच्या डब्यात बटणं, खिडकीच्या कडीला टेप, आणि भिंतभर खिळ्यांना अडकवलेले फरमे. गिऱ्हाइकाचं माप एकदा घेतलं की काकू जाड खाकी कागदाची पाठ, पुढा, बाही कापून ठेवत आणि पुढे कायम त्यावरूनच कापड बेतत. कुणाचा फरमा कुठल्या खिळ्याला, हे त्यांना पाठ होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कधी कात्री शोधावी लागली नव्हती.

साहेबांनी तीन आठवडे खपून खोली लावली. पारदर्शक डबे आले, डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. रिळं आधी रंगाप्रमाणे लागली. मग काळ्यातच चार जाडीचे दोरे आहेत हे कळल्यावर ती जाडीप्रमाणे लागली, आणि निळ्यांचा घोळ झाला तो झालाच. भिंतीवरचे फरमे गुंडाळून एका लांब पेटीत गेले. कात्रीला 'अ-तीन' हा कप्पा मिळाला. दारामागे वही टांगली गेली, काय घेतलं आणि कधी परत ठेवलं ते लिहायला.

काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर या खुळाला उगाच वजन आलं असतं. त्यांनी पद्धत पाळली, अगदी तंतोतंत पाळली. मशीनवरून न उठता त्या हाक मारायच्या, "अहो, ब-सात." साहेब पेपर खाली ठेवून उठत, बारीक हुक शोधून आणत, वहीत लिहीत, बसत. टेकतात न टेकतात तोच, "अहो, क-दोन." दिवसातून चाळीस वेळा. पंधरवड्यात साहेबांचे गुडघे कुरकुरू लागले. महिन्याभरात वहीतल्या नोंदी विरळ झाल्या, हुकांच्या डब्यात चेन निघू लागल्या आणि 'संकीर्ण' नावाच्या डब्याला जुळा भाऊ आला. खोली लावायला एका दमाचा उत्साह पुरतो. ती लावलेली ठेवणं हे रोजचं काम, आणि या घरात रोजचं काम आजवर कुणी केलं, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं.

अशात एका सकाळी ग्रंथपाल बाई आल्या. कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या. पाठीला पोक, डावा खांदा उजव्याहून चार बोटं खाली, त्यामुळे तयार कपडा त्यांच्या अंगाला कधीच लागायचा नाही. नऊ वर्षांपूर्वी काकूंनी त्यांचं माप घेतलं तेव्हा त्या डोळे मिटून उभ्या होत्या आणि शेवटी एवढंच विचारलं होतं की हे पुन्हा करावं लागणार नाही ना. काकूंनी शब्द दिला होता, तो पाळलाही होता. आता वाचनालयात मुलांचं नवं दालन उघडणार होतं, बाईंना मंचावर उभं राहून बोलायचं होतं. कोटासाठी त्यांनी गर्द निळं लोकरी कापड आणलं होतं.

काकूंनी लांब पेटी उघडली. पुन्हा पुन्हा चाळली. मग नवऱ्याला हाक मारली.

"ज्यांना दोन वर्षांत हात लागला नव्हता, ते रद्दीत दिले," साहेब म्हणाले. "त्यांच्यावर नावंसुद्धा नव्हती."

"मला नाव लागत नव्हतं," काकू म्हणाल्या. "आता बाईंना तुम्हीच सांगा."

साहेबांनी सांगितलं. कागद निकाली काढण्यात आले, असं म्हणाले. स्वतःच्या हातांनी केलेलं काम हा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारतोय, असं ते ऐकताना काकूंना वाटलं, आणि त्या क्षणी त्यांना नवऱ्याची जेवढी कीव आली तेवढी मोज्यांवरूनही कधी आली नव्हती.

ग्रंथपाल बाईंनी कापडाची घडी घातली. "मीही दरवर्षी पुस्तकं काढून टाकते," त्या साहेबांना म्हणाल्या. "पण टाकण्याआधी उघडून बघते."

जुना कोट आणून द्या, त्यावरून फरमा उतरवते, असं काकू जिन्यापर्यंत सांगत गेल्या. बाई कापड घेऊन उतरून गेल्या. साहेब रद्दीच्या दुकानात जाऊन ढीग उपसून, हात काळे करून रिकामेच परत आले. नंतरचे तीन दिवस काकूंनी कात्री स्वतःच उठून आणली, एक हाक मारली नाही, आणि साहेबांना ते चाळीस हाकांहून जड गेलं. चौथ्या दिवशी ते कुणाला न सांगता वाचनालयात गेले. तिथे काय बोलले ते काकूंना कधी कळलं नाही. त्याच दुपारी ग्रंथपाल बाई जुना कोट अंगात घालून आणि निळं कापड काखेत घेऊन दारात उभ्या राहिल्या.

काकूंनी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि बऱ्याच वर्षांनी नीट पाहिलं. कॉलर मानेपासून सुटून उभी होती. पाठ आणखी वाकली होती, त्यामुळे मागची कड वर चढलेली होती. दंडात कापड नुसतं लोंबत होतं.

"हा तुम्हाला बसत नाही," काकू म्हणाल्या.

"तीन वर्षांपूर्वी शिवला तेव्हाही नीट बसत नव्हता," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला मापाची भीती आणि तुम्हाला तुमच्या कागदाची खात्री. कोण बोलणार?"

 एरवी नवऱ्यासाठी जिभेवर हजर असणारे सगळे शब्द काकूंना आठवले, आणि त्यातला एकेक स्वतःला लागू पडतो आहे हेही दिसलं. त्यांनी दार लावलं आणि टेप घेतली. या वेळी बाईंनी डोळे मिटले नाहीत. प्रत्येक आकडा मोठ्याने सांगा, म्हणाल्या.

कोट नऊ दिवसांत झाला आणि बसला. तो घालून बाई मंचावर वीस मिनिटं बोलल्या. मागच्या रांगेतून काकूंनी फक्त खांदे पाहिले. शेजारी साहेब टाळ्या जरा जास्तच वाजवत होते. हरवलेला फरमा तसाही निकामी होता, हे काकूंनी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साहेबांना फार बरं वाटलं असतं, आणि ते बघणं काकूंच्या सोसण्यापलीकडचं होतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी पेटीतले उरलेले सगळे फरमे टेबलावर पसरले आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करून एकदा अंगावर लावून बघायला या म्हणून सांगायला सुरुवात केली. एवढी वर्षं ठीक चाललेलं असताना हे आता कशासाठी, असं साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं," काकू म्हणाल्या आणि पुढचा नंबर फिरवला.