खुनी बदलला तेव्हा मी कानात होतो

ओरडू नका, मला ऐकू येतं. मी श्रवणयंत्र बोलतोय. शेंगदाण्याएवढा जीव माझा, पण घरातली कुजबुज माझ्यातून सुटत नाही.

मला आजोबांच्या मुलाने मोठ्या हौसेने आणलं. आजोबांनी एकदा कानात घातलं, स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून दचकले आणि ‘माझे कान ठणठणीत आहेत’ म्हणून मला ड्रॉवरमध्ये टाकून मोकळे झाले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. हे जन्मभर कोर्टात लघुलेखक. साक्षीदार तोंडातल्या तोंडात पुटपुटला तरी यांच्या कागदावर शब्द न् शब्द उतरायचा. अशा माणसाने कानात मशीन घालायचं म्हणजे नाकच कापलं की!

मग घरातले त्यांच्याशी ओरडून बोलायचे. आणि ओरडून ओरडून माणूस बोलणार किती? चहा झाला, दार लावा, झोपा. बाकी सगळ्या गप्पा त्यांना वगळून व्हायच्या. ते आपले रहस्यकथा घेऊन बसायचे. तरुणपणापासून वाचून पाठ झालेली, एकाच गुप्तहेराची पुस्तकं. हा गुप्तहेर लठ्ठ, संथ, तपकीर ओढणारा. त्याच्या सोबतीला एक कंपाउंडर, ज्याने फक्त ‘मग पुढे?’ एवढंच विचारायचं.

एक दिवस त्यातल्या एका कथेवर मालिका सुरू झाली. आजोबांनी टीव्हीचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली, आणि एवढं करून यांना कळलं काय, तर बंदुकीचे बार! हल्लीचे नट अर्धे शब्द गिळतात हे अगदी खरं आहे, त्यांच्यापुढे मलासुद्धा घाम फुटतो. पण आपल्या गुप्तहेराचं बोलणं आपल्यालाच कळू नये, हे आजोबांच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या भागाच्या आधी त्यांनी गुपचूप मला कानात बसवलं आणि वरून कानटोपी ओढली.

अहो, काय चिडले म्हणून सांगू! गुप्तहेर काटकुळा. तपकिरीच्या जागी च्युइंगगम. चिखलातली पावलं बघायची सोडून मोबाइलवर बोटं चालवतोय. कंपाउंडर तर गायबच. त्याच्याऐवजी रुग्णवाहिका चालवणारी एक बाई, आणि ती या एवढ्या मोठ्या गुप्तहेराला सरळ तोंडावर सांगते, ‘चुकलास तू.’ आजोबा पुटपुटले, ‘पार वाट लावली.’ पण उठले नाहीत हं. त्या बाईने त्याला पुन्हा एकदा गप्प केलं तेव्हा तर मांडीवर थाप मारून हसले.

मग एका प्रसंगात तो नट खून झालेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला. बोलला काहीच नाही, नुसता थांबला. पुस्तकात एवढ्याच प्रसंगाला दोन पानं लागली होती. आजोबा पुढे झुकले. मग ते हळूच म्हणाले, ‘तोच आहे हा, माझा गुप्तहेर.’

तेवढ्यात सूनबाई आल्या. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करतात, दमून येतात. दारातच थबकल्या. टीव्ही हळू आणि सासरे मालिकेत रमलेले! त्यांना काय समजायचं ते समजलं. कानटोपीबद्दल एक अक्षर न काढता त्या शेजारी बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, ‘मला तर त्या बागेतल्या माळ्याचा संशय येतोय.’ पुस्तक त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पुस्तकात खुनी घरातला पुतण्या आहे हे आजोबांना ठाऊक, ते मिशीतल्या मिशीत हसले.

पुढे दर भागाला दोघं शेजारी बसू लागली. सूनबाई संशय घ्यायच्या, आजोबा खोडून काढायचे. माझ्यातून मालिकेपेक्षा त्या दोघांचाच आवाज जास्त जायचा. कानटोपीही गेली. मी खूश होतो, पण मनात धाकधूक होतीच. मालिका संपली की आपलं काय?

शेवटचा भाग आला आणि त्यांनी खुनीच बदलला! पुतण्या निर्दोष, आणि ज्याने गुप्तहेराला बोलावलं तो काकाच खुनी. आजोबांनी मला उपटून काढलं, टेबलावर आपटलं. मूळ लेखकाशी हा विश्वासघात आहे, म्हणाले, आणि तरातरा आत गेले. मी पडलो तिथेच. संपली नोकरी, असं वाटलं आणि फार वाईट वाटलं.

सकाळी सूनबाई त्याच टेबलाशी भाजी निवडत होत्या. आजोबा समोर बसले होते. वर न बघता त्या काहीतरी बोलल्या. आजोबांना ओठ हलताना दिसले. त्यांनी वाट पाहिली. सूनबाई पुन्हा बोलल्या नाहीत. आवाज तर मुळीच चढवला नाही.

आजोबा चुळबुळले. मग हात पुढे आला आणि मी कानात.

‘काय म्हणालीस?’

‘म्हटलं, काकाच खुनी हवा होता, बाबा. तुमच्या पुस्तकातल्या पुतण्याला खून करायचं कारणच नाही.’

आजोबांनी पुतण्याची बाजू, म्हणजे त्याच्या खुनीपणाची बाजू, इतकी जोरात मांडली की आवाज न झेपून मी शिट्टी वाजवली. मग भाजीची एक जुडी स्वतःकडे ओढली.

‘पण एक सांगतो,’ म्हणाले, ‘काल शेवटपर्यंत मला कळलं नाही खुनी कोण ते. किती वर्षांनी झालं असं! मजा आली गं.’

तो वाद अजून मिटलेला नाही आणि मी अजून कानात आहे. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद ड्रॉवरमध्ये पडला असेल, तर ‘घाला, घाला’ म्हणून त्या माणसाच्या मागे लागू नका. त्याच्यासमोर बसा, त्याला मुळीच न पटणारं काहीतरी हळूच बोला, आणि पुन्हा सांगू नका.